शॅनाराच्या जगातील सगळ्या मानवेतर जाती माणसांपासूनच निर्माण झाल्या का?

नाही, लेखक टेरी ब्रूक्स यांच्या शॅनारा या कल्पनारम्य कादंबऱ्यांतील ड्वार्फ, नोम आणि ट्रोल या जाती म्हणजे कथेतील ‘महायुद्धां’तून, म्हणजे आपले जग नष्ट करणाऱ्या युद्धांतून, वाचलेल्या माणसांचेच वंशज आहेत, परंतु एल्फ मात्र मानवाच्याही आधीपासून अस्तित्वात असलेली स्वतंत्र, जादूशी नाते असलेली जात आहे. १९७७ सालच्या पहिल्या कादंबरीत या बदलांमागची कारणे दिली आहेत: संहारानंतर जे पिढ्यान्‌पिढ्या जमिनीखाली राहिले ते ड्वार्फ झाले, आणि म्हणूनच उघड्यावर परतलेल्या त्यांच्या वंशजांच्या मनात भुयारांची खोल भीती आहे (खाणीत रमणाऱ्या रूढ ड्वार्फांच्या अगदी उलट, आणि मला ही कल्पना फार अर्थपूर्ण वाटते), तर उत्तरेकडे राहून सर्वाधिक बदललेल्या ट्रोलांची त्वचा झाडाच्या सालीसारखी जाड झाली. त्यामुळे खऱ्या अर्थाने मानवेतर म्हणावे ते एल्फच. बाकीच्या जातींचा माणसांशी असलेला संघर्ष हा एका अर्थी भाऊबंदांचा संघर्ष आहे, आणि वंशयुद्धांत (या जातींमधील युद्धांत) पराभूत झालेली माणसे दक्षिणेत स्वतःला कोंडून घेतात, तेव्हा ही दुरावलेली नाती विशेष जाणवतात. मात्र एक गोष्ट लक्षात घ्यावी: एल्फांचे प्राचीनत्व १९८२ सालच्या दुसऱ्या कादंबरीत ठळकपणे मांडले गेले, आणि आपल्या ओळखीच्या जगाचा नाश होत असताना ते अमेरिकेतील ऑरेगनच्या अरण्यात लपून राहत होते, हे तपशिलाने वाचायचे असल्यास २००६ ते २००८ या काळात आलेली पूर्वकथेची त्रयी पाहावी लागते.