सगळे कुलकर्णी मुळात एकाच घराण्यातले का?

नाही. कुलकर्णी हा गावच्या हिशेबनिसाचा हुद्दा होता, म्हणून हे आडनाव गावोगाव सापडतं. वसुली पाटलाची, दप्तर कुलकर्ण्याचं: कोणाची किती जमीन, किती सारा भरला, किती थकला. काम वंशपरंपरागत वतनाचं, त्यामुळे मुलं-नातवंडं तेच नाव लावत गेली. (परगण्याला हेच काम देशपांडे बघत.) कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ साली ही वतनं काढून पगारी तलाठी आणले, मुंबई राज्यात ती १९५०च्या कायद्याने गेली. फक्त आडनावावरून जात ठरवू नका. बहुतेक देशस्थ असले तरी कऱ्हाडे, सीकेपी कुलकर्णीही आहेत, आणि उत्तर कर्नाटकात तर भरपूर. नातं शोधायचं असेल तर गोत्र आणि मूळ गाव विचारा.