गरोदरपणाचा दुसरा महिना चालू आहे, सासूबाई म्हणतात थायरॉइडची गोळी बाळाला बाधेल, ती बंद केली तर चालेल का?

ताई, सासूबाई काळजीपोटीच म्हणत असतील की गोळी बाळाला बाधेल, पण बंद अजिबात करू नका. आधीपासून ५० मायक्रोग्रॅमची गोळी चालू आणि आता टीएसएच (रक्ततपासणीतला आकडा, थायरॉइड कमी पडलं की हा वाढतो) ४.८ आलाय म्हणजे उलट डोस वाढवायची वेळ आलीय बघा. बाळाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी साधारण १२ व्या आठवड्याच्या आसपास कामाला लागते, तोवर त्याच्या मेंदूच्या वाढीला लागणारं हार्मोन सगळं आईकडनंच जातंय. म्हणून बहुतेक जणींचा डोस पाव ते एक तृतीयांश वाढवतात आणि टीएसएच २.५ च्या खाली ठेवायला बघतात. तुमचा किती ते डॉक्टरांना आजच फोन करून विचारा, पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका.

आणि खरा घोळ कुठं होतो सांगू, सकाळी उपाशीपोटी ही गोळी, लगेच चहा, त्याच्याबरोबरच लोहाची नि कॅल्शियमची, सगळं एकदम उरकून टाकतात, मग थायरॉइडची गोळी अंगी लागणार कशी. चहा निदान अर्ध्या तासानं घ्या, लोह-कॅल्शियम ४ तासांनी.

आपल्याकडं कुणीतरी हौसेनं कोल्हापूरच्या गंगावेशीतनं धारोष्ण, म्हणजे नुकतंच काढलेलं कच्चं दूध आणून देणारच, ते आत्ता नको, उकळूनच प्यायचं आणि तेही गोळीला लागून नाही.

निम्मे दिवस भरेपर्यंत दर ४ आठवड्यांनी टीएसएच करत राहा. बाळंतपणानंतर डोस बहुतेक पहिल्यावर आणतात, ६ आठवड्यांनी परत टेस्ट. अंगावर पाजतानाही ही गोळी चालते.