कापडात सर्किट शिवायचंय? आधी हे वाच

अरे पहिल्याच प्रोजेक्टला सेन्सर, ब्लूटूथ काही नको, एक एलईडी, एक सीआर२०३२ सेल (नाण्यासारखा चपटा गोल) आणि कंडक्टिव, म्हणजे वीज वाहून नेणारा, धागा एवढंच घे. सेल ३ व्होल्टचा असतो त्यामुळे एलईडी जास्त लावायचे असतील तर पॅरलल जोड, म्हणजे सगळ्यांचे प्लस एकत्र आणि मायनस एकत्र, सिरीजमध्ये म्हणजे एकापुढे एक लावलेस तर पेटणारच नाहीत. आणि धागा म्हणजे वायर नाही हं, स्टीलच्या धाग्याला रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, बराच असतो, टाके लांबवत नेलेस की उजेड मंद होतो, म्हणून सेल जवळ ठेव. माझा पहिला कुर्ता दोन दिवस पेटेना, शेवटी उलट बाजूने बघितलं तर गाठीची सुटी टोकं एकमेकांना चिकटून शॉर्ट झालेलं! तेव्हापासून प्रत्येक गाठ बारीक कापून वर पारदर्शक नेलपॉलिश लावतो, तूही लाव. प्लस मायनसच्या ओळी खडूने आधी आखून घे, एकमेकींना क्रॉस होऊ देऊ नकोस. धुताना सेल काढायचा, हे तर आलंच.

हे जमलं की मग लिलीपॅड घे, लिआ ब्यूकलीने खास कापडावर शिवण्यासाठी बनवलेला आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड), २००७ ला बाजारात आला.

आणि घरातली जरीची साडी असेल तर मल्टिमीटर (करंट जातो का ते तपासायचं मीटर) लावून बघच. आजची बरीच जरी प्लास्टिकची, त्यातून करंट जात नाही, पण अस्सल चांदीच्या जरीतून जातो. अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबमध्ये १९९० च्या दशकात कापडात सर्किट बसवायचे प्रयोग झाले ना, त्यात भारतातलंच, तांब्याची पत्री गुंडाळलेल्या धाग्याचं रेशमी ऑर्गन्झा (पातळ, झिरझिरीत कापड) वापरलेलं, मला याचं फार अप्रूप वाटतं.