कीटकशास्त्राच्या वाटेवर

पुणे

प्रिय विद्यार्थिमित्रा,
अनेक आशीर्वाद.

पदव्युत्तर अभ्यासासाठी कीटकांचे वर्तन व संवेदना हा विषय घ्यावा की कीड नियंत्रण, असे तू विचारले आहेस. मला हे दोन विषय वेगळे वाटतच नाहीत.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ बुटेनांट यांनी १९५९ मध्ये रेशीमकिड्याच्या मादीचा कामगंध, म्हणजे नराला बोलावणारा गंध, ओळखला, तेव्हा त्यासाठी सुमारे ५ लाख माद्या वापराव्या लागल्या होत्या. शेतीशी त्याचा संबंध तेव्हा कितीजणांना दिसला असेल? आज त्याच ज्ञानशाखेच्या बळावर कपाशीत कामगंध सापळे लागतात आणि सलग ३ रात्री प्रत्येक सापळ्यात गुलाबी बोंडअळीचे ८ नर पतंग आले, की उपाययोजनेची वेळ झाली असे मानले जाते. एकरी दोन सापळे टांगले म्हणजे कीड आटोक्यात आली, असे समजणारे पुष्कळ भेटतील. एवढे सापळे फक्त खबर देतात.

तुझ्यासाठी मी हुमणी, म्हणजे मुळे खाणारी भुंगेऱ्याची अळी, सुचवेन. पुणे जिल्ह्याच्या ऊसपट्ट्यात ती जुनीच आहे आणि ती समजून घ्यायला महागडी उपकरणे लागत नाहीत. वळवाचा चांगला पाऊस पडला, की जमिनीत दडलेले भुंगेरे सांजवेळी बाहेर पडतात, कडुनिंब आणि बाभळीवर जमतात, तेथेच त्यांचे मीलन होते, रात्रभर ते पाला खातात आणि उजाडण्यापूर्वी पुन्हा मातीत शिरतात. पुढे अळ्या मुळे कुरतडू लागल्या आणि ऊस पिवळा पडला, की शेतकरी औषध शोधतो. पण मोठी झालेली अळी खोल मातीत असते आणि तिच्यापर्यंत औषध पोहोचवणे अवघड जाते. भुंगेरे मात्र त्या थोड्या संध्याकाळी झाडावर आयते सापडतात. फांद्या हलवून ते गोळा करून मारण्याचा उपाय साधा आहे, परंतु तो साऱ्या गावाने एकाच वेळी करावा लागतो, कारण भुंगेरे बांध ओळखत नाहीत.

शहरातही हेच. डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो आणि त्याची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटून कोरडेपणातही महिनोन्‌महिने तग धरतात; म्हणून पिंप नुसते रिकामे करून भागत नाही, आतून घासावे लागते. धुराच्या फवारणीने अंडी मरत नाहीत. येथील राष्ट्रीय विषाणू संस्थेत डासांवर दीर्घकाळ काम झाले आहे. ते प्रबंध मिळवून वाच.

तूर्त एक कर. वळवाचा पहिला पाऊस झाला, की दौंड वा बारामतीकडे ओळखीच्या शेतकऱ्याकडे मुक्काम कर. विजेरीला लाल जिलेटीन कागद लाव, कारण बहुतेक कीटकांना लाल प्रकाश फारसा जाणवत नाही. पहिला भुंगेरा किती वाजता दिसला, कोणत्या झाडावर, किती पावसानंतर, हे जागेवरच लिहून ठेव. विषयाचे शीर्षक त्यानंतर ठरवू.

तुझा,
एक जुना शिक्षक