टाकाऊतून टोपी: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या वेळी घरातल्या जुन्या लोकरीच्या आणि चिंध्यांच्या चित्रविचित्र टोप्यांबद्दल लिहिलं, आणि पत्रांचा ढीगच पडला. निम्म्या पत्रांतलं दुखणं एकच आहे: टोपी डोक्यावर बसत नाही. शिंगं, कान, सोंडा सगळं आधी करून तयार आणि डोकं मोजायचं राहून गेलेलं. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

पाच वर्षांच्या नातीसाठी क्रोशाची सशाची टोपी करतेय. कान झाले, पण मधला गोल काही सपाट होत नाही. कधी वाटीसारखा वळतो, तर कधी झालरीसारख्या लाटा येतात. तीनदा उसवला. काय चुकतंय?
– एक आजी, शिवाजी पेठ

वाटी होते म्हणजे टाके कमी वाढवले गेलेत, लाटा येतात म्हणजे जास्त. एकाच टोपीत दोन्ही होतंय त्याअर्थी तुम्ही दोन ठिकाणचे नमुने एकत्र केलेत, असं मला वाटतं. मुका खांब म्हणजे क्रोशाचा बुटका टाका, त्याचा हिशेब 6 चा असतो. पहिल्या फेरीत 6 टाके, मग 12, मग 18, 24, 30. म्हणजे दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, तिसरीत एक सोडून एक टाक्यात दोन, चौथीत दोन सोडून एकात. साधा खांब उंच असतो, त्यामुळे त्याला दर फेरीला 12 टाके वाढवावे लागतात. खांब घालताना 6 चा हिशेब धरला की वाटी होणार, आणि मुका खांब घालताना 12 चा धरला की झालर.

गोंधळ होतो तो मोबाईलवरच्या व्हिडिओंमुळे. अमेरिकन बाई ज्याला ‘सिंगल क्रोशे’ म्हणते तो आपला मुका खांब. त्याच टाक्याला इंग्लंडमधली बाई ‘डबल क्रोशे’ म्हणते. त्यामुळे नावाकडे बघू नका, तिच्या सुईकडे बघा. सुईवर दोन वेढे असताना दोरा एकदाच ओढून दोन्हीतून काढला, तर तो मुका खांब.

अजून एक. वाढीचे टाके दर फेरीला एकावर एक आले की गोलाचा षटकोन होतो. त्या जागा फेरीगणिक थोड्या पुढेमागे करा. फेरी कुठे सुरू झाली ते कळायला पहिल्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवून ठेवा. माझी आई केरसुणीची काडी खोचायची, तेही चालतं.

आता माप. टेप भुवयांच्या एक बोट वरून, कानांच्या वरून, मागे डोक्याचा उंचवटा असतो त्यावरून फिरवायचा. पाच वर्षांच्या मुलीचं डोकं साधारण 50-51 सेंटिमीटर भरतं. विणलेली टोपी ताणली जाते, म्हणून त्यातून दोन-तीन सेंटिमीटर वजा करायचे. राहिले 48. त्याला 3.14 ने भागलं की सव्वापंधरा. मधला गोल एवढा झाला की वाढवणं बंद करायचं आणि सरळ विणत खाली यायचं. चहाची बशी उपडी ठेवून बघा, बहुतेक घरांत ती एवढ्याच मापाची निघते. मध्यापासून काठापर्यंत 19-20 सेंटिमीटर झालं की पुरे. कान त्यानंतर शिवायचे. केलेत ते ठेवा, वाया जाणार नाहीत.

वडिलांचा जुना स्वेटर उसवून लोकर काढली. ती मॅगीसारखी वळलेली आहे. तशीच विणली तर टोपी वेडीवाकडी होते. शिवाय दुसऱ्या एका स्वेटरचे नुसते हातभर लांबीचे तुकडेच निघाले. असं का?
– एक वाचक, गडहिंग्लज

तुकड्यांचं आधी सांगते. सगळे स्वेटर उसवत नाहीत. उलटा करून बाजूची शिवण बघायची. आत विणलेली सरळ कड दिसली तर तो भाग मापात विणलेला आहे, त्याचा दोरा अखंड निघतो. कड कापून त्यावर ओव्हरलॉक मारलेलं असेल, तर प्रत्येक ओळ तिथे कापली गेलेली असते. मग ओळीगणिक एक तुकडाच हातात येणार. अशा स्वेटरच्या नादी लागू नका. त्याची बाही कापा, एक टोक दोऱ्याने गोळा करून बांधा, दुसरं टोक दुमडून शिवा. लहान पोराची कानटोपी अर्ध्या तासात तयार.

चांगल्या स्वेटरच्या आधी शिवणी सोडवायच्या, मग जिथे विणकाम संपवलेलं असतं तिथून उसवायला घ्यायचं. घरी खालून वर विणलेल्या स्वेटरात ते टोक खांद्याला किंवा गळ्याला असतं. निघेल तसा दोरा खुर्चीच्या पाठीवर गुंडाळत जायचा. लड झाली की चार ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यात थोडा शाम्पू घालून बुडवायची, न पिळता टॉवेलमध्ये दाबून पाणी काढायचं आणि सावलीत दांडीला लटकवायची. खाली एखादी छोटी पाण्याची बाटली अडकवा, वळ्या वजनाने सुटतात. वजन फार नको, दोरा कायमचा ताणला जाईल.

लोकर खरी आहे की ॲक्रिलिक, हे कळायला बोटभर तुकडा चिमट्यात धरून पेटवा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरगळते. ॲक्रिलिक वितळून त्याचा टणक मणी होतो. ॲक्रिलिकवर वाफेची इस्त्री धरू नका, टोपी एकदा लोळागोळा झाली की परत उभी राहत नाही.

पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या टोपीला 50-60 ग्रॅम लोकर पुरते, म्हणजे वडिलांच्या एका स्वेटरात घरातली सगळी नातवंडं येतील. थोडी लोकर मात्र वळ्यांसकट तशीच बाजूला ठेवा. का, ते पुढच्या उत्तरात.

कॉलेजच्या गॅदरिंगसाठी मला मिसळीची टोपी करायची आहे! वर रस्सा, फरसाण, लिंबू सगळं. बाजारातून नवीन काही आणायचं नाही, असं आमचं ठरलंय. पण डोक्यावर ते उभं कसं राहणार?
– एक विद्यार्थिनी, राजारामपुरी

हे पत्र वाचून मी दुपारी एकटीच हसत बसले होते. पोरी, तुझी टोपी मी स्वतः करून बघितली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बैठक आजींना सांगितली तीच, फक्त मोठ्या माणसाच्या मापाची. तुझं डोकं 55-56 असेल तर टोपी 52-53 ची, मधला गोल 17 सेंटिमीटरच्या आसपास. हा भाग पांढऱ्या किंवा स्टीलच्या रंगाच्या लोकरीत कर, ती वाटी. कटासाठी जुना लाल टी-शर्ट घे. काखेपासून खालचा नळीसारखा भाग तेवढा ठेवायचा आणि तो गोल गोल फिरवत अडीच सेंटिमीटर रुंदीची एकच अखंड पट्टी कापत जायची. पट्टी हातात धरून जोरात ओढलीस की कडा आत वळतात आणि गुळगुळीत दोरी होते. 8 किंवा 10 मिलिमीटरच्या जाड सुईने तिचा चपटा गोल विण आणि वाटीवर बसव. कडेला थोडा ओघळ येऊ दे. तर्री नसली तर कोल्हापूरची मिसळ कोण म्हणेल?

शेव म्हणजे ती वळलेली पिवळी लोकर. सरळ न केलेली, उसवल्या उसवल्या कापलेली. मी किती वेगवेगळ्या गोष्टी करून बघितल्या, पण इतकी हुबेहूब शेव दुसऱ्या कशाची होत नाही. लिंबाची फोड पिवळ्या चिंधीची, आत पांढऱ्या दोऱ्याच्या रेघा. आणि शेजारी पाव नको, स्लाइस ब्रेड लाव. जुन्या उशीतल्या स्पंजचा चौकोन कापून कडेला तपकिरी लोकरीचे टाके घाल. बाहेरगावच्या पाहुण्यांना कळणार नाही, इथल्यांना बरोबर कळेल.

आता उभं राहण्याचं. चमचा, ब्रेड, शिंग, कान, जे काही टोपीतून वर येतं त्याचा पाया रुंद हवा. टोक कितीही निमुळतं असू दे, बुडाला जुनी बांगडी ठेवून ती टोपीला चारही बाजूंनी शिवून टाकायची. आत पोकळ ठेवायचं असेल तर लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचा कोन, चपटं असेल तर शिंप्याकडच्या बकरमच्या, म्हणजे कॉलरमध्ये घालतात त्या ताठ कापडाच्या, कातरणी. खोक्यांना बांधून येते ती प्लॅस्टिकची पॅकिंग पट्टीही कानात चांगली बसते. तार वापरलीस तर दोन्ही टोकं पकडीने वळवून वर कापड गुंडाळ, नाहीतर नाचताना कुणाच्या तरी डोळ्यात जायची.

ताठपणासाठी खळ घालायचा मोह होईल. फेट्याचा तुरा असाच उभा राहतो: कापडाला खळ आणि वर बारीक चुण्या. चुण्यांमुळेच पातळ कापड पंख्यासारखं ताठ राहतं, आणि ही युक्ती मोराच्या पिसाऱ्याला, कोंबड्याच्या तुऱ्याला कुठेही लागू पडते. साबुदाण्याची किंवा कॉर्नफ्लॉवरची खळ हिवाळ्यात, उन्हाळ्यात छान. पावसाळ्यात मात्र हवेतला ओलावा शोषून ती मऊ पडते. साखरेच्या पाकात बुडवायची युक्ती तर इकडे करूच नका. मी एकदा केली होती. गणपतीच्या आधी पुतणीसाठी फुलपाखराची टोपी पाकात ताठ करून कपाटावर ठेवली आणि सकाळी बघते तो फुलपाखराला मुंग्यांची रांग. तेव्हापासून मी फेव्हिकॉलमध्ये तेवढंच पाणी घालून ब्रशने आतल्या बाजूने लावते. वाळल्यावर पारदर्शक होतं, मुंग्या फिरकत नाहीत.

यजमानांच्या लग्नातला फेटा कपाटात पडून आहे. जरीचा आहे. कापून पट्ट्या काढू का?
– एक गृहिणी, इचलकरंजी

नका हो. एक तर जरीच्या कापडाच्या पट्ट्या कापल्या की कडेचे धागे सुटत राहतात आणि कपाळाला टोचतात. दुसरं म्हणजे यजमानांना विचारलंय का? फेटा अखंड ठेवा, टोपीभोवती न कापता गुंडाळून चार टाके घाला. कार्यक्रम झाला की टाके उसवून परत कपाटात. आणि तुम्ही तर इचलकरंजीत राहता, मागाच्या गावात! ओळखीच्या कुणाकडे कापडाच्या कडांच्या कातरणी मिळाल्या तर बघा. त्या लांब असतात आणि दोरीसारख्या विणता येतात.

आमच्या शाळेत ‘प्लॅस्टिकपासून वस्तू’ असा उपक्रम आहे. दुधाच्या पिशव्यांच्या टोप्या मुलांकडून करून घ्याव्यात असा विचार आहे. जमेल का?
– एक शिक्षक, गगनबावडा

जमेल, पण हिशेब आधी करा. अर्ध्या लिटरच्या पिशवीची वरची-खालची चिकटवलेली कड कापून उरलेली नळी दोन सेंटिमीटर रुंदीने गोल गोल कापली, तर साधारण दोन मीटर दोरी मिळते. एका लहान टोपीला 50-60 मीटर लागते, म्हणजे 30 च्या आसपास पिशव्या. एका मुलाच्या घरून एवढ्या जमायला महिना जाईल. त्यापेक्षा चौघांत मिळून एक टोपी करा. पिशवी रिकामी झाल्या झाल्या कापून उलटी करायची, साबणाने धुवायची आणि दोरीवर चिमट्याने वाळवायची. दोन दिवस तशीच राहिलेली पिशवी कितीही धुतली तरी वास सोडत नाही, आणि तो वास नाकापासून चार बोटांवर येणार आहे.

दुसरी अडचण उन्हाची. प्लॅस्टिकखाली डोक्याला घाम येतो. म्हणून मी डोक्यावरचा भाग जुन्या सुती कापडाचा करते आणि फक्त भोवतालची झालर पिशव्यांची. लहान भावंडांच्या हाती अख्ख्या पिशव्या किंवा लांब पट्ट्या लागू देऊ नका. टोपीला गळ्याखाली बांधायची दोरीही नको, मागे थोडं इलॅस्टिक पुरतं.

पण सर, तुमच्या गावात मला शिकवायला काय सांगता? भाताच्या लावणीला जाताना रिकाम्या पोत्याचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खोचून जी खोळ करतात, तिच्यासारखी टाकाऊतली टोपी मी आयुष्यात दुसरी बघितली नाही. शिवण नाही, कात्री नाही, डोकं आणि पाठ दोन्ही झाकली जातात, आणि घरी आल्यावर परत पोतं ते पोतं. पोरांना आधी आजोबांकडून ती खोळ करायला शिकवा. मग तिच्या टोकाला पिशव्यांचे गोंडे लावा, कडेला बेडकाचे डोळे शिवा. पावसात बेडकांची ओळ शाळेला येतेय, हे मला स्वतःला बघायला यायला आवडेल.

अशा टोप्या विकता येतील का? किंमत काय ठेवू?
– एक वाचक, शाहूपुरी

येतील. पण एका टोपीला दोन दिवस लागत असतील तर दोन दिवसांची मजुरी धरा, ‘सामान फुकटचं आहे’ म्हणून पन्नास रुपयांना देऊ नका. आणि दुकानातून नवी लोकर आणून तिला ‘टाकाऊतून’ म्हणून विकलीत, तर ते गिऱ्हाइकाला दुसऱ्या अर्थाने टोपी घातल्यासारखं होईल.

चार वर्षांच्या मुलासाठी डायनासोरची टोपी विणली. टोचते म्हणतो, घालतच नाही.
– एक आई, कळंबा

आतून जुन्या सुती साडीचं किंवा धोतराचं अस्तर लावा. अस्तर टोपीपेक्षा किंचित सैल कापा, नाहीतर विणकाम ताणलं जाणार नाही. गाठी आणि दोऱ्यांची टोकं अस्तराखाली जाऊ द्या, बहुतेक वेळा टोचतात त्या गाठीच. कपाळापाशी अस्तराची दोन बोटं रुंदीची पट्टी बाहेर दुमडली तर लोकर कातडीला लागतच नाही.

एवढं करूनही नाही घातली, तर चहाच्या किटलीवर बसवून बघा. आमच्याकडचा एक डायनासोर तीन वर्षं तिथेच आहे. चहा गरम राहतो, आणि पोरगं येणाऱ्या प्रत्येकाला सांगतं, ही माझी टोपी आहे.