डीबगरमधला पिवळा बाण आणि ‘सरासरी’ची विचित्र किंमत

प्रश्न : आयर्विन पुलाजवळच्या कृष्णेच्या पाणीपातळीची पाच दिवसांची सरासरी काढणारे सी-प्लस-प्लस फंक्शन मी व्हिज्युअल स्टुडिओमध्ये लिहिले आहे. पातळ्या ३८, ३९, ४१, ४२ आणि ४४ फूट अशा घेतल्या आहेत. डीबगरचा (प्रोग्रॅम एकेक ओळ चालवून तपासण्याच्या साधनाचा) पिवळा बाण भागाकाराच्या ओळीवर असतो, तरी ‘सरासरी’ची किंमत -८५८९९३४६० दिसते. शिवाय पाच पातळ्यांचा अ‍ॅरे (एकाच नावाखालची किमतींची यादी) पाठवूनही फंक्शनमध्ये फक्त ३८ दिसतात. डीबगर चुकतो आहे का?
— एक विद्यार्थिनी, विश्रामबाग, सांगली

उत्तर : डीबगर चुकत नाही. पिवळा बाण ज्या ओळीवर असतो ती ओळ अजून चालायची असते, त्यामुळे भागाकार होण्याआधीची ‘सरासरी’ आपल्याला दिसते आहे. सुरुवातीची किंमत न दिलेल्या लोकल व्हेरिएबलची (फंक्शनच्या आतच घोषित केलेल्या व्हेरिएबलची) जागा व्हिज्युअल स्टुडिओचा कंपायलर डीबग बिल्डमध्ये, म्हणजे चुका शोधण्यासाठी तयार केलेल्या प्रोग्रॅममध्ये, एका ठरावीक नमुन्याने भरून ठेवतो. वॉच विंडोत (निवडलेल्या व्हेरिएबल्सच्या किमती दाखवणाऱ्या चौकटीत) राइट-क्लिक करून ‘हेक्साडेसिमल डिस्प्ले’ (सोळा-आधारी अंकांत दाखवणे) निवडल्यास त्याच आकड्याच्या जागी ओळीने आठ वेळा ‘सी’ दिसेल. हा आकडा पाठ करून ठेवावा, कारण तो दिसला की व्हेरिएबलला अजून किंमत मिळालेली नाही, हे शोधाशोध न करता कळते.

आता एफ-१० दाबून एक ओळ पुढे जावे. किंमत बदलल्यामुळे ती लाल अक्षरांत दिसेल. मात्र २०४ भागिले ५ म्हणजे ४०.८ येण्याऐवजी तिथे ४० दिसतील, आणि खरी चूक आहे ती इथे. बेरीज आणि दिवस हे दोन्ही पूर्णांक असल्याने अपूर्णांकाचा भाग गळून जातो. आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फुटांची आहे, हे सांगलीकरांना सांगायला नको. ‘सरासरी ४० पेक्षा जास्त आहे का’ अशी अट पुढे लिहिली, तर ती खोटी ठरेल. बेरीज ‘डबल’ या अपूर्णांक साठवणाऱ्या प्रकारात रूपांतरित करून मग भागावी, आणि ‘सरासरी’ही ‘डबल’च ठेवावी.

अ‍ॅरेचे कारण वेगळे आहे. फंक्शनला अ‍ॅरे दिला की तिथे केवळ पहिल्या घटकाचा पत्ता, म्हणजे पॉइंटर पोहोचतो. पुढे किती घटक आहेत, हे डीबगरला कळण्याचा मार्ग राहत नाही. वॉच विंडोत अ‍ॅरेच्या नावापुढे स्वल्पविराम देऊन ५ लिहिल्यास पाचही पातळ्या उलगडतात. दुसरा उपाय कॉल स्टॅकचा (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले, त्या यादीचा), आणि तो विद्यार्थी फारच कमी वापरतात: सर्वांत वरची ओळ चालू फंक्शनची असते, तिच्या खालच्या ‘मेन’वर (प्रोग्रॅम जिथून सुरू होतो त्या फंक्शनवर) डबल-क्लिक केले की लोकल्स विंडोतली व्हेरिएबल्स ‘मेन’ची होतात, आणि अ‍ॅरे तिथेच घोषित केलेला असेल, तर तो पूर्ण दिसतो. त्या वेळी दिसणारा हिरवा बाण म्हणजे प्रोग्रॅम मागे गेला असे नव्हे. हे फंक्शन संपल्यावर नियंत्रण कुठे परतेल, एवढेच तो दाखवतो.

हे सारे डीबग बिल्डमध्येच तपासावे. रिलीज बिल्डमध्ये (वापरकर्त्यांना देण्यासाठी वेगवान केलेल्या प्रोग्रॅममध्ये) कंपायलर ओळी मागेपुढे करतो आणि काही व्हेरिएबल्स वगळूनही टाकतो, त्यामुळे तिथल्या किमतींवर विसंबू नये.