वासराची शिंगं डागताना भूल हवी का?

तुमची कालवड ३ आठवड्यांची आहे, लहान वासराला डागल्याचं फारसं कळत नाही म्हणतात, आणि मागच्या वासराला भुलीची सुई देऊनही ते ओरडलं, असं तुम्ही लिहिलंय.

कळतं. वेदनेच्या नसा जन्मतःच काम करतात. वय मात्र अगदी योग्य आहे. साधारण दोन महिन्यांपर्यंत शिंगाची कळी कातडीतच सुटी असते, पुढे ती कवटीला धरते आणि मग डागणं पुरत नाही, कापावं लागतं.

डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून कळीपर्यंत बोट फिरवलं की हाडाची कड लागते. शिंगाची नस या कडेखालून जाते. निम्म्या अंतरावर, कडेच्या लगेच खाली, १ सेंमीच्या आसपास खोल, दोन टक्के लिग्नोकेन (जागा बधिर करणारं औषध) ३ ते ५ मिली द्यायचं, दोन्ही बाजूंना. पिस्टन आधी मागे ओढायचा, रक्त आलं तर सुई हलवायची. आणि मग थांबायचं! मागचं वासरू बहुधा इथेच ओरडलं. सुई काढली की लगेच डागणी टेकवतात. नस बधिर व्हायला १० मिनिटं जातात. पापणी उतरली एवढ्यावर विसंबू नका. कळीभोवती सगळीकडून सुई टोचून बघा, वासरू दचकलं तर आणखी थांबा किंवा पुन्हा द्या. पण ४० किलोच्या वासराला दोन्ही बाजू मिळून १० मिलीच्या वर जाऊ नये.

ही बधिरता तास-दीड तासात उतरते, भाजल्याची आग उरते. वासरू कान झटकतं, डोकं हलवत राहतं, दूध सोडतं. म्हणून डागण्याआधीच मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक, किलोला ०.५ मिग्रॅ. म्हणजे ४० किलोला २० मिग्रॅ. ५ मिग्रॅ प्रति मिलीच्या बाटलीतून ४ मिली. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक नको, ते दिलेली मेलेली जनावरं खाऊन झालेल्या गिधाडांच्या मृत्यूंमुळे जनावरांसाठी ते २००६ पासून बंद आहे.

झायलाझिन या गुंगीच्या औषधाने वासरू शांत पडतं, धरायला सोपं जातं. पण त्याने नाडी मंदावते, अंग गार पडतं, पोट फुगतं. छातीवर बसतं ठेवा, खाली पोतं घाला. बाटली मिलीला २० मिग्रॅची की १०० ची, हे मोठ्याने वाचून घ्या. गल्लत झाली तर पाचपट डोस जातो. औषधं डॉक्टरांनीच भरायची, पण बाटली तुम्हीही वाचू शकता.

हेच माप करडाला लावू नका. ३ किलोच्या करडाला दोन टक्के लिग्नोकेन सगळं मिळून पाऊण मिलीच चालतं, आणि त्याच्या शिंगाला दोन नसा असतात. म्हणून सलाईन मिसळून ते पातळ करून चार जागी वाटतात. करडाची कवटीही पातळ असते, वासराइतका वेळ डागणी दाबली तर आच मेंदूपर्यंत जाते.